आम्ही विद्यापीठाची चौकशी केली

आमच्या घरात आजपर्यंत एकही गोष्ट चौकशी केल्याशिवाय आलेली नाही. मीसुद्धा नाही.

लग्नाआधी माझी चौकशी माझ्या नणंदेने, म्हणजे द्वारकाताईंनी केली. "गाय विकत घ्यायची हाय," असं सांगून त्या आमच्या गावात दोन दिवस फिरत होत्या. किराणा दुकान, पिठाची गिरणी, शाळेतल्या बाई, सगळीकडे गाईपासून सुरुवात करायच्या आणि हळूच माझ्यावर यायच्या. शेवटी आमच्याच दारात येऊन पाणी मागितलं, पेला उजेडात धरून पाहिला आणि माझं लग्न ठरलं. (गाय घेतली नाही ती नाहीच. माझे वडील बिचारे आठवडाभर गाय धुऊन वाट बघत होते.)

द्वारकाताई उलव्याच्या बाजूला राहतात. मिठागर गेलं, शेती गेली, घराभोवती टॉवर उभे राहिले, पण ताई होत्या तशाच आहेत. नऊवारी लुगडं, गळ्यात ठसठशीत सोनं आणि नजर अशी की समोरचा माणूस न विचारता खरं सांगून मोकळा होतो. आसपासच्या दहा गावांत कुणाचं लग्न जमायचं असेल तर आधी ताईंना बोलावणं जातं. त्यांचे नियम ठरलेले. पुढच्या दाराने विचारायचं नाही. खरं कारण कुणाला सांगायचं नाही. आणि चौकशी पुरी होईपर्यंत मुलीची पत्रिका हातातून सोडायची नाही!

आमचे हे त्यांचेच भाऊ. उलव्याच्या बांधकामांना रेती-खडी पुरवतात. ट्रक आला की वर चढून कोपरापर्यंत हात रेतीत घालतात, मगच ड्रायव्हरला 'राम राम' म्हणतात. माझं रोडपालीला पोळीभाजी केंद्र आहे. मी नारळ तीन दुकानांत वाजवून बघते आणि चौथ्या दुकानात घेते. अशा या घरात आमच्या तन्वीने, बीएस्सी झाल्यावर, एका सोमवारी जेवणाच्या ताटावर बॉम्ब टाकला.

"आई, पप्पा, माझं नाव लागलं! पहिल्या यादीत! एमएस्सी, वनस्पतिशास्त्र!"

"कुठे?"

"विद्यापीठात. आपल्या मोठ्या, सरकारी. तिथल्या मुख्य विभागात!"

"फी किती?" यांनी विचारलं.

तिने सांगितली. यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. "सुरेखा, काहीतरी गडबड आहे."

"अहो पप्पा, सरकारी आहे म्हणून कमी आहे!"

"स्वस्त रेती आली की ती खाडीची असते. पुढे भिंतीला मिठाचे डाग पडतात. इतकी वर्षं हेच बघतोय मी."

माझ्याही मनात पाल चुकचुकली. कारण दुसरीकडे ते हायवेवरचं खासगी विद्यापीठ होतं. काचेची इमारत, दारात कारंजं, आम्ही नुसते बघायला गेलो तर पिशवी, पेन आणि टोपी देऊन पाठवलं. तिथून एक गोड आवाजाची मुलगी रोज फोन करायची. "मॅम, तुमच्या डॉटरसाठी सीट होल्ड केलीय, पण फक्त आज संध्याकाळपर्यंत हं!" हे 'आज संध्याकाळपर्यंत' तीन आठवडे चाललं होतं. सरकारी विद्यापीठाचा मात्र एकही फोन नाही. उलट मी केला तर कुणी उचलला नाही. आता तुम्हीच सांगा, संशय येणार की नाही?

"मला तिथेच जायचंय," तन्वी म्हणाली. "तिथे एक मॅडम आहेत, त्यांनी आयुष्यभर खाडीच्या चिखलातल्या तिवरांवर, म्हणजे मॅन्ग्रोव्हवर काम केलंय. मला त्यांच्या हाताखाली शिकायचंय."

"तिवरं?" आमचे हे थक्क झाले. "आपल्या मिठागराच्या बांधावरची? ती बघायला विद्यापीठ कशाला लागतं? तुझ्या आजीने चुलीत घातली ती!"

"म्हणूनच शिकायचंय, पप्पा," ती शांतपणे म्हणाली. "बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत मूळ कागदपत्रं दाखवून प्रवेश पक्का करायचाय. नाही केला तर जागा पुढच्या नंबरला जाईल."

सोमवार तर संपल्यात जमा होता. मी मंगळवारी सकाळीच कामाला लागले. आमच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त बँकवाले काका त्याच विद्यापीठाचे पदवीधर. त्यांना चहाला बोलावलं.

"उत्तम विद्यापीठ!" काका म्हणाले. "जुनं, नावाजलेलं. डोळे मिटून पाठवा."

"मग तुमच्या मुलाला का नाही पाठवलं?"

काकांनी चहा एका घोटात संपवला आणि विमानतळामुळे वाढलेल्या गर्दीबद्दल बोलायला लागले. मग मी आमच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. एक म्हणाली, तिच्या भाचीचा निकाल इतका उशिरा लागला की तोवर तिचं बारसं... म्हणजे तिच्या बाळाचं बारसं झालं. दुसरी म्हणाली, तिचा दीर तिथूनच शिकला आणि आज परदेशात मोठा शास्त्रज्ञ आहे. विद्यापीठ एक आणि बातम्या दोन! म्हणजे कुणीतरी नक्की खोटं बोलत होतं. मी सरळ ताईंना फोन लावला.

ताई दुपारच्या जेवणाला हजर झाल्या. सगळं ऐकून घेतलं, मग पान लावता लावता बोलल्या.

"काचवाले रोज फोन करतान?"

"रोज."

"ज्या पोराच्या घरचे रोज फोन करतान, त्या पोरात खोट असते. आनि सरकारी?"

"फोन उचलतच नाहीत."

"मंग त्यांचं लगीन दुसरीकडं जमलेलं हाय!"

"ताई, ते विद्यापीठ आहे."

"असूं दे. पोर दोन वर्सं तिथंच जानार ना? मंग चौकशी नको? उद्या आपून जाऊन बगू. तन्वीला सांगू नको, ती चिडंल."

मी मान डोलावली. तन्वी बुधवारी सकाळी मैत्रिणीबरोबर बसने जाणार होती. आम्ही मागून गाडीने जायचं, चौकशी करायची, ठीक वाटलं तर गप्प बसायचं, नाही वाटलं तर तिला तिथूनच परत आणायचं. बेत अगदी साधा होता. पण संध्याकाळी ताईंची नजर टेबलावरच्या फाइलवर पडली.

"यो काय?"

"तिची मूळ कागदपत्रं. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला. उद्या तिथे द्यायची आहेत."

"चौकशी व्हायच्या आधीच?" ताईंनी छातीवर हात ठेवला. "अगं, पत्रिका कोन देतो का आशी? एकदा त्यांच्या हातात कागद गेला का संपलं! परत मागायला गेलीस का आज या, उद्या या!"

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. सरकारी कपाटात गेलेला कागद परत आलेला मी तरी पाहिलेला नाही. तन्वी आंघोळीला गेली होती. मी फाइलमधली सगळी मूळ कागदपत्रं काढून माझ्या पर्समध्ये ठेवली आणि त्या जागी, मीच मागे जपून ठेवायला काढून आणलेल्या त्यांच्या रंगीत झेरॉक्स घातल्या. (झेरॉक्स इतक्या छान निघाल्या होत्या की खरे कागद कुठले हे मलाच क्षणभर कळेना.) वाटलं, चौकशी झाली की तिथेच तिच्या हातात देऊ. तिला कळायच्या आधीच सगळं जागच्या जागी.

बुधवारी अकरा वाजता आम्ही तिघं विद्यापीठाच्या फाटकासमोर उभे होतो. मी वही-पेन घेतलं होतं, लक्षात राहत नाही म्हणून. फोन आवाज बंद करून पर्समध्ये, हासुद्धा ताईंचाच नियम. फाटकातून सरळ आत जायचं नव्हतंच. आधी समोरचा चहावाला.

"दादा, हे समोरचं कसं काय?" ताईंनी विद्यापीठाकडे हनुवटी उडवली.

"कसं म्हणजे?"

"मंडळी कशी हायत? भांडणं-बिंडणं?"

"माणसं चांगली आहेत," चहावाला म्हणाला. "फक्त कुठलंही काम घाईने होत नाही."

"पीत-बीत नाय ना कोन?"

"पितात की. दिवसाला पाच पाच."

ताईंचा चेहरा पडला. तो चहाबद्दल बोलतोय हे मी सांगितलं तेव्हा कुठे त्या पुढे सरकल्या. झेरॉक्सच्या दुकानातला म्हणाला, "नाव मोठं आहे हो, पण फॉर्म भरायला गेलात तर तीन खिडक्या फिरवतात." ताईंनी माझ्या कानात निकाल दिला. "घरानं मोठं हाय, पन सासूचा कारभार दिसतो." मी तेही वहीत लिहून घेतलं.

मग आत. झाडांच्या सावलीतली जुनी दगडी इमारत, बाहेर 'वनस्पतिशास्त्र विभाग' अशी पाटी. प्रवेशाची खिडकी पलीकडच्या इमारतीत होती, म्हणजे तन्वी तिथे. आम्हाला रान मोकळं! ताई सरळ स्वच्छतागृहात घुसल्या, कारण घरातली सून कशी आहे ते न्हाणीघरात कळतं असं त्यांचं ठाम मत. आमचे हे भिंतीपाशी थांबले, गाडीच्या किल्लीने कोपऱ्यातला गिलावा खरवडला आणि चिमूटभर जिभेवर ठेवला.

"अहो! काय करताय?"

"सुरेखा," ते भारावून म्हणाले, "नदीची रेती आहे! खारट नाही! अशी रेती आता मिळतच नाही गं!"

तेवढ्यात ताई बाहेर आल्या. "नळाला पानी हाय, कडी तुटलेली हाय. म्हनजे कर्ता पुरुष घरात लक्ष देत नाय." मी दोन्ही मुद्दे टिपले. वर्गांची दारं ढकलून पाहिली, बाकं मोजली, कुठल्या खोलीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे असते ते एका मुलाला विचारलं. या सगळ्यात दुपार कलली. बाहेर जाऊन वडे खाऊन आलो आणि पुन्हा सुरू. एक शिपाई मघापासून स्टुलावर बसून आमच्याकडे बघत होता. ताई त्याच्याजवळ जाऊन बसल्या.

"भाऊ, ऐकलंय का इथं पेपर फुटतान. खरं काय?"

शिपायाने इकडे तिकडे पाहिलं. "कोण म्हणतं?"

"लोक म्हनतान. तसा आमाला काय त्रास नाय. पन फोडतो तो मानूस कोन? त्याची न् आमची भेट घालून दे."

आता इथे मी ताईंची बाजू सांगायला हवी. त्यांची पद्धतच आहे. मुलाचा काका दारू पितो असं कानावर आलं, की त्या उगाच कुजबुजत बसत नाहीत, थेट काकाला जाऊन भेटतात. पण त्या शिपायाला हे कसं कळणार?

"भेट घालायची?" तो हळूच उठला. "थांबा हं. पाच मिनिटांत आणतो."

"बगितलंस?" ताई खूश होऊन मला म्हणाल्या. "इचारलं का मिळतं!"

पाच मिनिटांत तो आला. बरोबर खाकी कपड्यातली तीन माणसं होती आणि त्यांतली एकही पेपर फोडणाऱ्यासारखी दिसत नव्हती.

सुरक्षा कार्यालयात एक मिशीवाले साहेब बसले होते. आवाज असा, की मला उगाचच पाय जुळवून उभं राहावंसं वाटलं. त्यांनी आम्हाला तीन वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवलं आणि विचारलं, "इथे कशासाठी आलात?"

खरं कारण सांगायचं नाही, हा नियम आम्ही तिघांनीही पाळला. पण खोटं कारण कुठलं सांगायचं, हे ठरवायचं राहून गेलं होतं!

"भाड्यानं खोली बगायला," ताई म्हणाल्या.

"रेतीची ऑर्डर आहे," हे म्हणाले.

"आमचा एक पेशंट इथे ॲडमिट आहे," मी म्हणाले.

साहेबांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "विद्यापीठात?"

"बरा आहे आता," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं ते.

"वही दाखवा." माझी वही उघडली गेली. त्यात माझ्याच अक्षरात होतं: 'बाकं बेचाळीस. मागच्या दाराला कडी नाही. किल्ली शिपायाकडे, तो दीडला जेवायला जातो.' साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. ऐकताना मलाच मी अट्टल चोर वाटायला लागले.

"पर्स."

पर्समधून निघाली ती तन्वीची मूळ मार्कशीट, दाखला, सगळे कागद. साहेबांच्या मिशा थरथरल्या. "दुसऱ्याच्या नावाची मूळ प्रमाणपत्रं! आता बोला."

"साहेब, ती माझ्या मुलीची आहेत!"

"मुलगी कुठाय?"

"इथेच आहे, पलीकडे प्रवेशाच्या रांगेत."

"प्रवेशाला मूळ कागद लागतात. मग ते तिच्याकडे का नाहीत? तुमच्या पर्समध्ये का?"

उत्तर होतं, पण ते तोंडातून बाहेर काढण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात टेबलावर ठेवलेला माझा फोन थरथरायला लागला. पडद्यावर 'तन्वी' आणि त्याखाली सतरा मिस्ड कॉल. साहेबांनी फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"आई! कुठे आहेस तू?" तन्वी रडत होती. "माझे मूळ कागद चोरीला गेलेत गं! फाइलमध्ये कुणीतरी रंगीत झेरॉक्स घालून ठेवल्यात! खिडकीवरचे सर म्हणतात, मी खोटे कागद आणलेत! पाच वाजता बंद होणारे आई, मी काय करू?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. ताईंनीसुद्धा, जणू काही कल्पना कुणाची होती ते त्यांना माहीतच नव्हतं!

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. आजवर संशय मी दुसऱ्यांवर घेतला होता, माझ्या पोरीला खोटारडं ठरवलं जाईल आणि तेही माझ्यामुळे, हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं. ती शेवटची एवढी रडली होती ती मिठागराच्या बांधावर जेसीबी फिरला तेव्हा. सातवीत होती.

"साहेब," मी हात जोडले, "मी चोर नाही, मूर्ख आहे. मला रात्रभर इथे बसवा, पोलीस बोलवा, काय करायचं ते करा. पण ते कागद तिला द्या. तिने फार मेहनत केलीय हो. तिचं काही चुकलेलं नाही."

"पुरावा आहे तो. असा देता येत नाही," साहेब म्हणाले. पण आवाज थोडा उतरला होता. त्यांनी विभागात फोन लावला. "मॅडम, जरा येता का? आणि खिडकीवर तन्वी नावाची मुलगी आहे, तिलाही घेऊन या."

चार चाळीसला दार उघडलं. सुती साडीतल्या, पांढऱ्या केसांच्या, चपलांना वाळलेला चिखल लागलेल्या एक बाई आत आल्या. त्याच तिवरांच्या मॅडम! मागे डोळे सुजलेली तन्वी. तिने आम्हाला पाहिलं आणि जागीच उभी राहिली.

"या बाईंना ओळखतेस?" साहेबांनी विचारलं.

तन्वीने टेबलावरच्या मार्कशीटकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे. मी तिच्याकडे बघतेय, ती माझ्याकडे बघतेय. नाही म्हणाली असती तरी तिला कुणी दोष दिला नसता.

"माझी आई आहे," ती शेवटी म्हणाली.

"आणि हे?"

"पप्पा."

"आनि मी आत्या!" ताई विचारायच्या आधीच म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. फी, फोन, काका, पत्रिका, झेरॉक्स, सगळं. एकही शब्द लपवला नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला. मॅडमनी मात्र माझी वही उघडून शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि गंभीरपणे विचारलं, "मग काय ठरलं? आमचं विद्यापीठ कसं आहे?"

मी मान खाली घातली. ताईंनी नाही घातली.

"घरानं जुनं हाय, बांधकाम खरं हाय, कारभार ढिला हाय," त्या म्हणाल्या. "पन चोर समजून आमाला धरलं, ते बेस केलं. आता पोर ठेवायला हरकत नाय."

"आभारी आहे," मॅडम म्हणाल्या. "ढिल्या कारभाराचं खरं आहे, आम्हीही रोज तेच म्हणतो. तुमच्या मुलीबद्दल सांगू? गेल्या वर्षभरात ही चार वेळा इथे येऊन गेलीय. माझ्या विद्यार्थ्यांशी बोलली, ग्रंथालयात बसली, एकदा आमच्याबरोबर गुडघाभर चिखलात उतरली. चौकशी कशी करावी ते तिला येतं."

चार वेळा! मला वाटायचं ती कर्नाळ्याला पक्षी बघायला जाते. दहा गावांची बातमी ठेवणाऱ्या ताई आणि तीन दुकानांत नारळ वाजवणारी मी, आणि आमच्याच घरातून पोरगी चार वेळा जाऊन आली तरी आम्हाला पत्ता नाही. तिला जवळ घेऊन सॉरी म्हणावंसं वाटलं, पण मध्ये टेबल होतं आणि वेळही नव्हता.

"साहेब, कागद माझ्या जबाबदारीवर द्या," मॅडम म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे वळून, "तन्वीच्या आई, आमच्याकडे मुलीचे गुण बघून प्रवेश देतात. घरच्यांची चौकशी करायची पद्धत नाही. ते बरं आहे, नाही?"

"फार बरं आहे," आमचे हे मनापासून म्हणाले.

तन्वी आणि मॅडम कागद घेऊन पळत सुटल्या. पाचला सहा मिनिटं असताना शिक्का पडला. आम्ही तिघं तोवर सुरक्षा कार्यालयात बसून हमीपत्र लिहीत होतो: 'यापुढे विद्यापीठाच्या आवारात विनाकारण फिरणार नाही, भिंती खरवडणार नाही, शिपायांना प्रश्न विचारणार नाही.' ताईंनी अंगठा दिला. (त्यांना सही येते. पण सही द्यायच्या आधी समोरच्याची चौकशी हवी म्हणे!)

परत येताना गाडीत मीच मागे वळून म्हटलं, "तन्वी, चुकलं गं माझं."

"हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने मागून हसू ऐकू आलं. "पेशंट ॲडमिट आहे, आई? विद्यापीठात?" मग तिला हसू आवरेना, आणि आम्हालाही.

महिन्याभराने तिचं कॉलेज सुरू झालं. पहिल्याच दिवशी बाईसाहेब ओळखपत्र घरी विसरून गेल्या. दुपारी मला फोन आला.

"आई, फाटकावर मला आत सोडेनात. शेवटी नाइलाजाने सांगितलं, मी त्या झेरॉक्सवाल्या बाईंची मुलगी. लगेच सोडलं!"

माझी छाती अभिमानाने फुगली. पोळीभाजी केंद्रावर जो येईल त्याला मी सांगत सुटले, विद्यापीठात आपल्या नावावर दार उघडतं म्हणून! एका बाईने तर आपल्या मुलाच्या प्रवेशासाठी शब्द टाकायची गळ घातली. संध्याकाळी तन्वी घरी आली तेव्हा मी सहज म्हटलं, "बघ, माझं नाव काढल्याबरोबर सोडलं की नाही?"

"सोडलं ना," ती म्हणाली. "आधी सुरक्षारक्षक बाहेर आला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबपर्यंत बघितलं, मग हळूच मला विचारलं, 'एकटीच आलीस ना?'"